माईकवरची चोरओटी

"तोंडाला पदर लावा गं सगळ्या," अक्काताई म्हणाली आणि तिनं प्लॅस्टिकचा कागद वर उचलला.

बेदाणा पिवळाधमक दिसावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. आत कोंडलेला धूर सकाळी बाहेर पडला की शेडमधल्या बाया बराच वेळ नुसत्या खोकत असतात. त्या दिवशी मीही खोकले. खोकता खोकता उठले, शेडच्या मागं गेले आणि बाभळीच्या बुंध्याला धरून ओकले.

अक्काताई तांब्या घेऊन मागं आली. आमच्या टोळीची ती मुकादमीण. मी चूळ भरेपर्यंत उभी राहिली.

"गंधकानं खोकला येतो मालन. ओकारी न्हाय येत."

"रातचं शिळं खाल्लं असंल."

"चार बाळंतपणं झाल्यात माझी. मला शिळं-ताजं शिकवू नगंस. कितवा म्हैना?"

मी परत चूळ भरली.

"दुसरा सरत आला असंल," तिनंच ठरवून टाकलं.

"अक्काताई, कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलतीया."

ती पुढं गेली. मी तोंड धुऊन जरा टेकले आणि मागनं आले, तोवर सगळ्या शेडला माहीत झालं होतं. काड्या निवडणाऱ्या बायांनी मला वाऱ्याची जागा करून दिली होती.

"पिवळा खा मालन. पोर गोरं हुईल," एकजण म्हणाली.

"तुझ्या आईनं काळा मनुका खाल्ला वाटतं तुझ्या वक्ताला," दुसरीनं तिला टोला दिला.

सगळ्या हसल्या. मीपण हसले. माझे हात बेदाण्यात चालत होते, काड्या बाजूला काढत होते. पण बोटांना काही लागत नव्हतं. ना दाणा, ना काडी. तेव्हा मला कळलं की हे परत सुरू झालंय.

धाकटी झाली तेव्हा माझं असंच झालं होतं. पोर रडायची ते मला ऐकू यायचं, पण शेजारच्या घरात कुणीतरी रडतंय असं वाटायचं. चोळी दुधानं भिजलेली असायची आणि मी भिंतीकडं बघत बसलेली असायची. माझ्या सासूनं, आत्तीनं, ती पोर शेळीच्या दुधावर जगवली. कुणी म्हणालं, हिला बाहेरचं लागलंय. कुणी म्हणालं, दुसरीपण पोरगीच झाली म्हणून तोंड पाडून बसलीया. देवऋषी झाले, लिंबं उतरवून झाली. उन्हाळ्यात सुरू झालं ते पुढच्या उन्हाळ्यात आपलं आपण गेलं. त्या वर्षातलं मला फारसं आठवत नाही. एकदाच विहिरीच्या काठावर बसलेली आठवते, पोर मांडीवर, आणि माझ्या दंडात रुतलेली आत्तीची बोटं.

मला तिसरं नको होतं. पोरगी नको, पोरगा नको, पोरच नको. ते वर्ष मला परत नको होतं.

दुसऱ्या गावात हे साधं असेल. सोंडवाडीत नव्हतं.

आमच्या गावाचं नाव एके काळी पेपरात आलं होतं. तालुक्याचा एक डॉक्टर गाडीत मशीन घालून गावोगाव हिंडायचा, पोटात काय आहे ते सांगायचा, आणि पोरगी असली की मोकळं करून द्यायचा. त्याला धरलं तेव्हा आमच्या निम्म्या घरांची नावं बाहेर आली. अंगणवाडीत बघावं तर पोरंच पोरं. 'लेकी गिळणारं गाव' असं छापून आलं. त्यानंतर कुसुमकाकीनं महिला मंडळ काढलं.

आमच्यात तिसऱ्या महिन्यात पोटुशीची चोरओटी भरतात. घरातल्या घरात, गुपचूप. शेजारणीलासुद्धा कळू देत नाहीत. पोट कच्चं असतं, टिकतंय न टिकतंय, म्हणून त्याचा बोभाटा करायचा नाही. आयाबायांनी शहाणपणानं घालून दिलेली रीत होती ती. काकीनं ती उचलली आणि मारुतीच्या देवळासमोर आणून ठेवली. माईक लावला. पोटुशीचं नाव पुकारायचं, तिला पाटावर बसवायचं, मंडळाच्या बायांनी ओटी भरायची आणि सगळ्यांनी म्हणायचं, "हे पोर गावाचं." एकदा एवढं झालं की ते पोट कुणाच्या बापाला गुपचूप मोकळं करता येत नसे. सगळं गाव त्यावर नजर ठेवून असायचं. नाव काय, तर चोरओटी. आणि भरायची माईकवर.

पण पुढच्या काही वर्षांत अंगणवाडीत पोरी दिसायला लागल्या, हेही खरं. बक्षीस मिळालं, साहेब आले, फोटो निघाले. मी स्वतः कितीजणींच्या ओट्या भरल्यात. "हे पोर गावाचं" म्हणून घसा फोडून ओरडलेय. चांगलं काम होतं. आजही म्हणते.

त्या दिवशी दिवेलागणीला मी घरात विषय काढला. माझा नवरा हणमंत एका व्यापाऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. तो जेवायला बसला होता, आत्ती चुलीपुढं होती.

"मला न्हाय पायजे," मी म्हणाले.

"काय न्हाय पायजे? कोरड्यास?"

"पोटातलं."

त्यानं आईकडं बघितलं.

"पोरगा असला तर?" आत्ती म्हणाली.

"पोरगा असला तरी."

"दोन पोरींवर कोण थांबतं व्हय गं?"

"मी थांबतीया."

आत्तीनं तव्यावर भाकरी टाकली. मग हळूच म्हणाली, "मागच्यासारखं हुईल म्हणून भितीस?"

"व्हय आत्ती."

भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं उलथली नाही.

"तुजं तू ठरव," हणमंत म्हणाला. "मी काय आडवा येत न्हाय. सकाळी तालुक्याला जाऊ."

तो चांगला माणूस. त्याचं चांगलंपण उंबऱ्याच्या आतलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तपासलं. घाईनं नाही, नीट तपासलं.

"अजून वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता केलं तर त्रास होणार नाही. नवरा आलाय?"

"भाईर हाय. त्याला बोलवू?"

"गरज नाही. कायद्यानं तुझी एकटीची संमती लागते. नवऱ्याचीसुद्धा लागत नाही."

असं वाक्य मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं. माझी एकटीची. मी खुर्चीत जरा सरळ बसले.

"गाव कुठलं तुझं?"

"सोंडवाडी."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कुसुमताईंच्या गावची?"

"व्हय."

"तुझ्या गावच्या बायका मागच्या वर्षी माझ्या दारात बसल्या होत्या. एका बाईचा गर्भ आपोआप पडला होता, मी नुसती पिशवी साफ केली. तरी बसल्या. घोषणा काय, पोलीस काय. माझ्या मशीनला सील लागलं. सुटले मी त्यातनं, पण माझ्या सासऱ्यांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय."

"बाई, मला पोरगा-पोरगी काय म्हाईत न्हाय. एवढ्यात कळतंय तरी का?"

"नाही कळत. ते मला माहीत आहे, तुला माहीत आहे. दारात बसणारीला माहीत नाही."

"मग?"

"कुसुमताईंना घेऊन ये. त्यांनी माझ्यासमोर हो म्हणावं. लगेच करते."

"माझी एकटीची लागती म्हणालात."

"कायद्यानं," त्या म्हणाल्या. मग खिडकीकडं बघून म्हणाल्या, "मला इथं दवाखाना चालवायचाय गं."

बाहेर हणमंत टेम्पोला टेकून उभा होता. "काय म्हणली?"

"पोट माझं. परवानगी कुसुमकाकीची."

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

कुसुमकाकी परसात शेवग्याच्या शेंगा काढत होती. मला बघून तिनं आकडी झाडाला टेकवली आणि बाज पुढं ओढली.

"बस. आलंय माझ्या कानावर. रविवारी तुझी वटी भरायची म्हणतीया."

"त्याच्यासाठीच आले काकी. नका भरू."

"का गं?"

"मला ठेवायचं न्हाय."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. काकीची नजर अशी होती की भलेभले गडी खाली बघायचे. मी बघितलं नाही खाली. मला लाज, भीती, काहीच वाटत नव्हतं.

"हणमाच्या आईनं सांगितलं?"

"न्हाय. तिला पायजे हाय. मला नको."

"तपासून घेतलंस?"

"काय तपासू? दाण्याएवढं असंल ते. त्याला अजून खाली काय हाय ते त्यालाच म्हाईत न्हाय."

काकी हसली नाही. तिथंच खाली बसली, शेंगांच्या ढिगाशेजारी.

"माझ्या तीन गेल्या, मालन. तिन्ही पोरी. सासरा गाडी काढायचा, मी मागं बसायची. कुठं चाललोय ते मला सांगायचेसुदिक न्हाईत. तिसऱ्या वक्ताला मी त्या डॉक्टरचा हात धरला. त्यानं एकेक बोट सोडवून घेतलं. तवा कुणीतरी त्याच्या दारात बसायला पायजे होतं माझ्यासाठी. कुणी बसलं न्हाय. म्हणून मी बसते."

"मला म्हाईत हाय काकी."

"मग हे कसं मागतीस माझ्याकडं?"

"तुमचं पोट त्यांनी तुम्हास्नी न इचारता मोकळं केलं. माझं तुम्ही मला न इचारता भरलेलं ठेवणार. फरक काय ह्यात?"

"फरक हाय. माझ्या मेल्या. तुझं जगंल."

"आन् मी?"

मग मी तिला सगळं सांगितलं. भिंत सांगितली, शेळीचं दूध सांगितलं, विहीर सांगितली. गावात हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगताना रडले असते तर बरं झालं असतं, पण रडू आलं नाही. कुणाची तरी चुगली सांगावी तसं सांगितलं.

काकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं सांगतीस," ती म्हणाली. "कळतंय मला."

"मग चला डॉक्टरीणबाईकडं."

"न्हाय येणार."

"का?"

"तुला सोडलं की उद्या दुसरी यील. तीपण असंच सांगंल, इहिरीचं, भिंतीचं. तिची सासू तिला पढवून पाठवंल. मी कुणाकुणाच्या डोळ्यात बघून ओळखत बसू, ही खरी का खोटी? बांधाला एक फट ठिवली की सगळं पाणी जातंय मालन."

"म्हंजे बांध माझ्या अंगावरनं घालायचा."

"व्हय," काकी म्हणाली. "तुझ्या अंगावरनं."

खोटं बोलली असती तर मी तिला शिव्या दिल्या असत्या. ती खोटं बोलली नाही.

मी उठले तशी तीपण उठली. "पोर हूं दे. तुला उचलायला जमलं न्हाय तर आम्ही उचलू. मंडळ हाय, गाव हाय. शब्द हाय माझा." तिनं माझ्या पदरात शेवग्याच्या शेंगा घातल्या. मी त्या घरी आणल्या. आत्तीनं आमटी केली.

हणमंत म्हणाला, "सोमवारी मिरजेला जाऊ. तिथं कोण वळखतंय आपल्याला?"

रविवारी मंडळाच्या बाया दारात आल्या. अक्काताई पुढं होती. आत्तीनं पेटीतनं नवी साडी काढून माझ्या हातात दिली.

"जा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "न्हाय गेलीस तर संशय धरतील. मागं बायकोचं पोट पडलं म्हणून गणपाला चौकीत दिवसभर बसवलं तसं हणमाला बसवतील."

देवळासमोर सतरंजी टाकली होती. माईकवर माझं नाव पुकारलं. सौभाग्यवती मालन हणमंत जगदाळे. पाटावर बसले. काकीनं कुंकू लावलं, खण-नारळ घेतला, तांदळाची ओंजळ भरली. पदर पसर म्हणून मला कुणाला सांगावं लागलं नाही. हात आपोआप पुढं झाले आणि त्यांनी पदर धरला. मी ते हात बघत होते. काकीनं माझ्या तोंडाकडं बघायचं टाळलं.

"हे पोर," काकी माईकवर म्हणाली.

"गावाचं," सगळी ओरडली. माझ्या दोन्ही पोरी समोर बसल्या होत्या, फ्रॉक सावरत, आणि सगळ्यात मोठ्यानं त्याच ओरडल्या. मागं वळून एकमेकींना टाळी दिली.

सोमवारी सकाळी मी नेसून, पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. हणमंतानं टेम्पो चालू केला. माझ्याकडं बघितलं आणि काच खाली केली.

"आता कसं गं?" तो म्हणाला. "आता गावानं बघितलंय."

आणि बेदाणा भरायला निघून गेला.

लोक म्हणतील, एकटी जायचंस. एसटी होती. कायदा होता. खरं आहे. पण तोवर ते मागचं दुखणं माझ्यावर पुरतं भरून आलं होतं. मी दुपारपर्यंत तिथंच उभी होते. आत्तीनं हाताला धरून आत नेलं आणि पिशवी काढून घेतली.

दिवाळीच्या आधी बाळंत झाले. पोरगा झाला.

आत्तीनं गल्लीभर पेढे वाटले. हणमंतानं टेम्पोच्या काचेवर 'सार्थक' लिहून घेतलं. आत्तीनंच ठेवलं ते नाव.

मंडळाची रीत अशी की बाराव्या दिवशी पाळणा घेऊन यायचं, दारात झाड लावायचं, फोटो काढायचा, आणि बाळंतिणीकडं पाळीपाळीनं बायांनी जायचं. पोरगी झाल्यावरची रीत ती. माझ्या दारात कुणी आलं नाही. अक्काताई रस्त्यानं जाताना खिडकीतनं म्हणाली, "आता काय बाई तुझं. पोरगा हाय. पोरगा काय कोण टाकतंय?"

पोटात होतं तोवर गावाचं होतं. पोरगा निघाला तसं घरचं झालं.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. भिंत होती. पोपडे आलेली जागा होती, ती मला नकाशासारखी पाठ झाली होती. आत्तीचे हात आता थरथरायला लागले होते. बाटली तिच्या हातनं निसटायची. थोरली पोरगी शाळा बुडवून भावाला घेऊन बसायची. हणमंत दारात उभा राहायचा, आत यायचा नाही.

मग एके दिवशी कुसुमकाकी आली. मंडळ घेऊन नाही. एकटी, चपला बाहेर काढून. तिनं पोर उचललं, पाणी तापवलं, त्याला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. दूध पाजलं. माझ्या केसांत तेल घातलं, वेणी घातली. गेली. दुसऱ्या दिवशी परत आली. रोज यायला लागली. तिच्या अंगणात मंडळाच्या बाया येऊन परत जायच्या, काकी कुठं, तर मालनकडं.

थंडी सरत आली तेव्हा तिनंच हणमंताला टेम्पो काढायला लावला आणि मला मिरजेला नेलं, डोक्याच्या डॉक्टरकडं. म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला विचारलं, काकीला विचारलं, मागच्या बाळंतपणाचं विचारलं.

"हा आजार आहे," ते म्हणाले. "बाळंतपणानंतर होतो. कितीतरी बायांना होतो. ह्यात बाहेरचं-बिहेरचं काही नाही. गोळ्यांनी उतार पडेल."

"परत कसा झाला पण?" हणमंतानं विचारलं.

"मागच्या वेळी झाला होता ना? मग परत होण्याची भीती असतेच. दिवस गेले तेव्हाच ह्या बोलल्या असत्या कुणाजवळ तर काही करता आलं असतं."

काकी खाली फरशीकडं बघत होती.

येताना टेम्पोत ती मधे बसली होती, पोर मांडीवर. तासगाव मागं पडल्यावर म्हणाली, "बोलली होतीस."

"व्हय," मी म्हणाले.



गोळ्यांनी हळूहळू फरक पडला. एकदम नाही. आधी भाजीचं मीठ लागायला लागलं. मग राग यायला लागला, आणि तो भरपूर यायला लागला. एका दुपारी काकी पोराला घेऊन पुढ्यात बसली.

"हसतोय बघ. बघ तरी."

मी बघितलं. हसत होता. दात नव्हते, लाळ गळत होती.

"ह्याला पाडणार होतीस," काकी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं, तिच्या मनावरचं उतरवणारं.

"गोड हाय," मी म्हणाले. "आन् तवा मला मोकळं करायला पायजे होतं. ह्यातलं एक खरं आन् एक खोटं करू नका काकी. दोन्ही खरं हाय."

"त्याच्यासमोर बोलू नगंस."

"मोठा झाला की सांगणार हाय मी त्याला."

काकीनं पोराचं तोंड पदरानं पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. त्या दिवशी ती लवकर गेली.

पुढच्या बेदाण्याच्या हंगामात वरच्या आळीतल्या सारिकाची ओटी होती. नवी सून, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी पोराला काखेत मारून गेले आणि मागं बसले. सतरंजी, पाट, माईक, सगळं तसंच. सारिका पाटावर बसली, लाजली, पदर पसरला. तिची सासू शेजारी तोऱ्यात बसली होती.

काकीनं ओटीचं ताट उचललं नाही. माईक हातात घेऊन उभी राहिली. बाया वाट बघत होत्या, कधी एकदा 'गावाचं' म्हणून ओरडतो असं झालेलं.

"सारिका," काकी माईकवर म्हणाली, "तुला पायजे का हे?"

माईकनं शिट्टी मारली. सारिकानं सासूकडं बघितलं. मग माईककडं बघितलं. मग सगळ्या बायांवरनं तिची नजर फिरली.

"व्हय," ती म्हणाली. "पायजे."

टाळ्या झाल्या. अक्काताई म्हणाली, "ही काय इचारायची गोष्ट झाली व्हय काकी? तुम्हीपण म्हातारचळ लागल्यागत करताय."

बाया हसल्या. काकी हसली नाही. ती तशीच उभी होती, माईक हातात. मला मागनं दिसत होतं तिला काय कळलंय ते. सगळ्या गावासमोर, सासूच्या मांडीला मांडी लावून, माईकवर विचारलं तर कुठली बाई नाही म्हणेल?

काकीनं माईक पाटावर ठेवला. सारिकाच्या मनगटाला धरून तिला उठवलं आणि देवळाच्या शेजारी भजनाचं सामान ठेवायची खोली होती तिच्यात घेऊन गेली. आतनं कडी लागल्याचा आवाज आला.

बायांत चुळबुळ सुरू झाली. "आत काय चाललंय?" "काय इचारती ती तिला?" "सगळ्यांसमोर इचारलं की आत्ताच." सारिकाची सासू उठली आणि पदर खोचून खोलीकडं निघाली.

मी तिच्याआधी पोचले. पोराला घेऊन दाराच्या पायरीवर बसले, दाराला पाठ लावून.

"सरक मालन," सासू म्हणाली.

"बसलीया मी."

"माझी सून हाय ती."

"हाय की. यील भाईर."

"मला कळाय नको काय बोलत्यात ते? आमच्या घरचा वंश हाय त्यो."

"तो तुमच्या पोटात असता तर तुम्हाला इचारलं असतं."

तिनं मला रांड म्हटलं. मी बसून राहिले. अक्काताई आली, तिनं दंडाला धरून उठवायला बघितलं. पोरगं घाबरून रडायला लागलं. मी उठले नाही. शेवटी बाया जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या, सतरंजीच्या कडेला, घोळका करून. सारिकाची सासू एकटीच माझ्यापुढं उभी राहिली, दाराकडं डोळे लावून.

दाराच्या फळ्या जुन्या होत्या. फटीतनं आतलं कुजबुजणं येत होतं. आधी काकीचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग सारिकाचा. मी कान दिला असता तर शब्द न् शब्द कळला असता. मी पोराला मांडीवर उभं केलं आणि मोठ्यानं त्याच्याशी बोलायला लागले. काय वाटेल ते. चिमणी, काऊ, टेम्पो. सासूनं मान पुढं काढली की मी आवाज आणखी वाढवायची.

काकी बाहेर आली तेव्हा सारिका तिच्या मागं होती. डोळे पुसलेले होते का घाम पुसलेला होता, सांगता येत नाही. काकी कुणालाच काही म्हणाली नाही. तिनं माईकची वायर काढली, गुंडाळली आणि घरी निघाली. मंडळानं त्यानंतर देवळासमोर ओटी भरली नाही.

सारिकाला ते पोर झालं का नाही, हे गावाला माहीत आहे. मी सांगणार नाही.